कुड्याची साल आणि मल्लव्वाची जीभ

संपादक म्हणाले, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी लगेच हो म्हटलं. आता जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टाइपरायटरवर कागद चढवते आणि फाडते, चढवते आणि फाडते. गमती आहेत हो, भरपूर आहेत! पण बोटं सारखी एकाच गोष्टीकडं पळतात आणि ती काही गंमत नाही. ती लिहून टाकल्याशिवाय मला दुसरं सुचणारही नाही, तेव्हा तीच घ्या.

आधी मी कोण ते सांगते. सोलापुरात एक आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे, तिथं मी केमिस्ट. केमिस्ट म्हटलं की लोक विचारतात, "दुकान कुठंशी तुमचं?" दुकान नाही! जंगलातून येणारी मुळं, साली, पाला तपासायचं काम. बी.एस्सी. झाले आणि लगेच लागले. का घेतलं मला? कारण इन्स्पेक्टर येऊन विचारायचा, माल कोण तपासतं? त्याला दाखवायला काहीतरी पाहिजे होतं. म्हणून गोडाऊनच्या कोपऱ्यात एक टेबल, टेबलावर एक ब्युरेट आणि ब्युरेटमागं मी.

माल खरं तर कोण तपासायचं? मल्लव्वा!

मल्लव्वा म्हणजे आमच्या कुटण्याच्या खात्यातली सगळ्यात जुनी बाई. वळसंगकडची, घरात कानडी बोलणारी. नवं पोतं आलं की ते उखळाकडं जायच्या आधी तिच्यापुढं यायचं. ती एक तुकडा दाढेखाली धरायची, डोळे मिटायची, थुंकायची आणि सांगायची, बरं हाय किंवा वाईट हाय. ही पद्धत काकांनी घातलेली. काका म्हणजे मालक. स्वतः वैद्य, सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणतो. पूर्वी ते स्वतः चाखायचे. नंतर कवळी बसली आणि त्यांनी ते काम मल्लव्वाला दिलं. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "विजया, तुझी ती काचेची नळी इन्स्पेक्टरसाठी. कारखान्याची जीभ ही इथं बसलीय बघ."

मल्लव्वा म्हणाली, "बाईला बी चाखाय द्या की काका. शिकली तर शिकली." आणि माझ्या हातावर कुड्याच्या सालीचा तुकडा ठेवला. मी चावला. पूर्ण दिवस चहासुद्धा कडू लागला! बाया हसून हसून लोळल्या.

तर हा कुडा. पोटाचा राजा म्हणा ना. आव पडत असेल, रक्ताची आव असेल, तर कुड्याची साल. सोलापूरच्या आसपास हे झाड नाही. आमची साल रेल्वेनं यायची, खानापूरकडच्या जंगलातून. ती भरडायची, तिचा काढा करायचा, तो आटवत आटवत काकवीसारखा घट्ट करायचा आणि त्याच्या गोळ्या वळायच्या. ज्याच्यामुळं आव थांबते ते सालीतलं द्रव्य म्हणजे अल्कलॉइड. काका त्याला सत्त्व म्हणतात, मीही तेच म्हणते, सोपं पडतं. हे सत्त्व डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझा खटाटोप. भुकटी करायची, अमोनियात भिजवायची, ईथर-क्लोरोफॉर्ममध्ये सत्त्व उतरवून घ्यायचं, तिथून ते आम्लात ओढायचं आणि मग त्यात एका द्रावणाचे थेंब सोडायचे. सत्त्व असेल तर नळीत दुधासारखं पांढरं फुटतं. मला अजून आवडतं ते बघायला, खरंच सांगते! काही नसलेल्या पाण्यात एकदम दूध.

आता महत्त्वाचं. हे सत्त्व सालीत कायम बसून राहत नाही. कोवळ्या झाडाच्या सालीत ते अजून पुरतं भरलेलं नसतं. झाड ऐन उमेदीत असलं की भरतं. आणि झाड फार म्हातारं झालं की साल जाडजूड होते, दिसायला एकदम भारदस्त, पण तिचा बराचसा भाग नुसता बुचासारखा मेलेला असतो. हे झाडाच्या वयाचं. वर साठवणीचं वय वेगळंच! साल काढल्यापासून उतरणी लागते. कोरड्या, हवेशीर जागी ठेवली तर हळू. दमट जागी, तापत्या पत्र्याखाली, बुरशी चढली तर मग विचारूच नका.

पण आपल्याकडं जुन्याचं कौतुक. जुना गूळ चांगला, जुना मध चांगला, जुनं तूप चांगलं, वावडिंग आणि पिंपळीसुद्धा मुरलेलीच बरी. खरं आहे ते. आमच्या गोडाऊनमध्ये जुनी पोती वेगळी, मानानं ठेवलेली. आणि त्या सगळ्यांच्या वर, माळ्यावर, एक थप्पी होती. काकांचे वडील स्वतः जंगलात राहून, स्वतः झाडं निवडून, कुड्याची साल घेऊन आले होते, ती. अंगठ्याएवढी जाड! दसऱ्याला यंत्रांना हळदकुंकू लागायचं तसं त्या थप्पीलाही लागायचं. तिला कोणी हात लावायचा नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

सोलापूरकरांना मी काय सांगायचं त्याचं. गावंच्या गावं खडी फोडायला बसली होती. वळसंगकडं रस्त्याचं काम निघालं, तिथं मल्लव्वाचा मुलगा आणि सून शांता गेले, कडेवर नात गौरी, नुकती बोलायला लागलेली. पाणी टँकरचं, तेही कधी येणार ठाऊक नाही. आवेची साथ लागणारच होती, लागली. आमच्याकडं कुड्याच्या गोळ्यांची मागणी अशी आली की उखळं थंड होईनात. आणि नेमकी तेव्हाच खानापूरची साल बंद! व्यापारी लिहायचा, माल पाठवतो, आणि पाठवायचा नाही.

काका एक दिवस माळ्याखाली उभे राहिले. वर बघत राहिले आणि म्हणाले, "वडिलांनी ठेवली होती ती याच दिवसांसाठी. काढा खाली."

मला वाटलं, काय माणूस आहे! देवघरातली वस्तू काढून देतोय. बायांनी थप्पीला नमस्कार करून पोतं खाली घेतलं. मल्लव्वानं तुकडा दाढेखाली धरला, डोळे मिटले, थुंकली. "कडू जहर! असली साल म्या जल्मात चाखली न्हाय काका." गोळ्या झाल्या. पहिली खेप वळसंगच्या कामावर फुकट वाटली. मल्लव्वानं गौरीसाठी पुडी पदरात बांधून नेली.

पुढच्या आठवड्यात ती आली ती तोंड पाडूनच. "काका, पोरीची आव थांबना. गोळ्या संपल्या की. हातपाय काड्या झाल्यात."

काकांनी विचारलं, "कामावर ती सुकडी वाटतात ना, पीठगुळाची?"

"व्हय की."

"मग झालं तर! आईनं सुकडी चारली असणार. आवेत सुकडी म्हणजे विष. पथ्य मोडलं की कुडा काय करणार? सुनेला सांग."

एवढंच बोलले काका. चुकीचं काही बोलले नव्हते, दहातल्या नऊ जणांचं तसंच असतं. पण मल्लव्वाच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते आवडलं नाही. तिला बोट दाखवायला कोणीतरी मिळालं होतं. नंतर कळलं, तिनं कामावर जाऊन सगळ्या बायांदेखत शांताला फैलावर घेतलं. शांता म्हणत होती, "आत्या, सुकडीचा कण बी दिला न्हाय, पोरीच्या गळ्याची आण." मल्लव्वा म्हणाली, "वैद्य खोटा आणि तू खरी व्हय गं?" आणि तिला माहेरी, होटगीला धाडून दिलं. गौरीला उचलून सोलापुरात स्वतःच्या खोलीवर घेऊन आली.

मी अस्वस्थ! कारण फक्त गौरीच नव्हती ना. वळसंगच्या कामावरून दुसऱ्याही बायांचे निरोप येत होते, गुण नाही, गुण नाही. सगळ्यांनीच सुकडी चारली?

मी माळ्यावरच्या सालीची भुकटी घेतली आणि तपासणीला लावली. शेवटचे थेंब सोडले. पाणी जरासं धुरकट झालं, बस. दूध नाहीच! मला वाटलं द्रावण खराब झालं. नवीन केलं. पुन्हा धुरकट. मग खानापूरच्या शेवटच्या खेपेतला नमुना बरणीत होता तो लावला. पांढरंशुभ्र! म्हणजे द्रावण चांगलं, हात चांगला, सालच रिकामी.

पळतच काकांकडं गेले. ते हसले. "अगं, रिकामी असती तर कडू लागली असती का? मल्लव्वा, चाख गं परत."

मल्लव्वानं चाखली. "जहर हाय की ओ काका."

"विजया, तूही चाख."

मी चाखली. जहर होती! जीभ वाळली. काका म्हणाले, "बघ. नळीला जीभ असती तर तिलाही कळलं असतं."

आता काय बोलायचं? नळी सांगते काही नाही, जीभ सांगते ठासून भरलंय. रात्री झोप नाही, जेवताना आई तेलुगूत विचारते काय झालं, मी मराठीत सांगते साल रिकामी आहे. आई म्हणते कसली साल? मी म्हणते कडू आहे पण रिकामी आहे! घरातले माझ्याकडं बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी एक जाड तुकडा घेतला आणि नुसता चिडून मधोमध सुरीनं चिरला. आतला भाग जिभेवर ठेवला. काहीच नाही. लाकडाचा भुसा. बाहेरून परत चाटला, जहर! आतून भुसा. म्हणजे कडूपणा सालीचा नव्हताच, वरून बसलेला होता!

शिडी लावून माळ्यावर चढले. पत्रा असा तापलेला की डोक्यावर तवा धरल्यासारखं. थप्पीच्या बरोबर वर फळीवर काडेचिराईताची पोती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काडेचिराईत म्हणजे तापावरच्या काढ्यातल्या काड्या, कडूपणात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. आणि त्या पोत्यांच्या मागं भिंतीवर पाण्याचे जुने ओघळ. मागच्या कुठल्या तरी पावसाळ्यात पत्रा गळला होता. पाणी काडेचिराईतातून झिरपून खाली, आमच्या देवासारख्या थप्पीवर उतरलं होतं. त्या एका गळतीनं दोन्ही कामं केली. ओलीनं उरलंसुरलं सत्त्व घालवलं आणि वरून दुसऱ्याचा कडूपणा माखून ठेवला. काडेचिराईताचा कडूपणा आवेला काही करत नाही. माझ्या नळीतही दिसत नाही, कारण तो अल्कलॉइडचा नाहीच. आणि झाडं मुळातच म्हातारी, त्यामुळं सालीत सुरुवातीलाच किती होतं, देव जाणे.

चिरलेला तुकडा काकांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "काका, आतून चाखा. फक्त आतून."

त्यांनी कवळी काढली. किती दिवसांनी त्यांनी काही चाखलं असेल! बराच वेळ तो तुकडा हिरड्यांवर धरून बसले. मग हातात काढून घेतला आणि म्हणाले, "वडील म्हणायचे, कुडा ताजाच वापरावा. मला पाठ होतं. मी कितीतरी जणांना शिकवलंय."

त्याच दिवशी सगळी थप्पी बाहेर गेली. काकांनी व्यापाऱ्याकडं तार केली, ओळखीच्यांना गळ घातली, रेल्वे पार्सलनं ताजी साल आणवली. मी तपासली, दूध फुटलं. नव्या गोळ्या वळसंगला गेल्या, गौरीला गेल्या. जुन्या परत मागवल्या. बायांना सांगितलं, माल बदललाय. का, ते सांगितलं नाही.

गौरी बरी झाली. इथं गोष्ट संपायला पाहिजे होती ना? संपली नाही!

मल्लव्वा नाचत आली. कडेवर गौरी, हातात गुळाचा खडा. काकांच्या पुढं ठेवला. "काका, तुमचा शब्द खरा झाला बघा. सून गेली आन् पोर बरी झाली. तीच चोरून चारत हुती. आता न्हाय आनत तिला परत. लेकाला दुसरी करू."

पोर बरी झाल्यानंच आईचा गुन्हा शाबित झाला होता! मी म्हटलं, "मल्लव्वा, तसं नाही, गोळ्या बदलल्या होत्या. आधीची साल खराब होती."

"खराब? म्या चाखली हुती की!"

"वरून कडू होती. आतून..."

"बाई, तुमी कालच्या. मला शिकवू नगा." आणि ती काकांकडं बघायला लागली. काका चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. मालकाच्या खोलीचं दार, मी! म्हटलं, "काका, तुम्ही का गप्प बसलात?"

"काय सांगू? माझ्या वडिलांची साल मेलेली निघाली म्हणून? बाहेर कळलं तर आपल्या गोळ्या कोण घेईल? इथं किती बायका कामाला आहेत माहीत आहे ना?"

"आणि शांता?"

"घरातलं भांडण आहे. मिटेल."

"नाही मिटणार. मुलाचं दुसरं लग्न करतायत! तुमच्या शब्दावर, काका. माझ्या शब्दाला कोण विचारतं? मी ब्युरेटमागची बाई."

ते चिडले. जा म्हणाले. मी गेले. माझी नोकरी गेली असं समजून मी टेबल आवरायलाही लागले. तर संध्याकाळी निघताना स्वतःच कोपऱ्याशी आले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी होटगीला सकाळी गाडी असते का गं?"

होटगीला शांताचे वडील रेल्वेत गँगमन. आम्ही गेलो तेव्हा ते कामावर होते. शांता दारात ज्वारी निवडत होती. काकांना बघून उठली, पदर घेतला, पाणी आणलं. काकांनी पाणी हातात तसंच धरलं. "पोरी, तुझं काही चुकलं नाही. गोळ्याच खराब होत्या. माझी चूक."

मला वाटलं ती रडेल. पाया पडेल. तसलं काही नाही! ती म्हणाली, "माज्या बापाच्या दारात मला सांगून काय उपेग, काका? मला ठावंच हाय म्या सुकडी दिली न्हाय. जितं मला बोलली तितं चला की."

"चल," काका म्हणाले. आणि पाणी न पिताच खाली ठेवलं.

एसटी नव्हती. वळसंगच्या कामावर जाणारा पाण्याचा टँकर मिळाला. काका ड्रायव्हरजवळ, मी आणि शांता मागं, टाकीला धरून. रस्ताभर मीच बडबडत होते, सत्त्व काय, काडेचिराईत काय. एकदा तिनं विचारलं, "पोरीला आता भूक लागती का?" मी म्हटलं, "लागते."

कामावर खडीच्या दोन लांब रांगा. बाया, म्हातारे, सगळे हातोड्या घेऊन. कारखान्याला सुट्टी म्हणून मल्लव्वा मुलाकडं आलेली, गौरी तिच्या मांडीवर. गौरीनं आईला बघितलं आणि अशी सुटली! शांतानं तिला उचललं पण खाली बसली नाही. उभीच राहिली, काकांकडं बघत.

टँकर आल्यामुळं हातोड्या थांबल्याच होत्या. काका दोन रांगांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. धोतर, काळी टोपी, उन्हात डोळे बारीक. म्हणाले, "आधी ज्या गोळ्या वाटल्या त्यांच्यात कस नव्हता. साल जुनी होती, भिजलेली होती. ती मी काढायला लावली. शांतानं पथ्य मोडलं नव्हतं. मी न बघता बोललो."

आवाज बारीक होता त्यांचा. कवळी, वय, धूळ. जवळच्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. मल्लव्वा जागची हलली नाही. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं, जीभ दाताला लागलेली, काहीतरी चाखत असल्यासारखी.

शांता म्हणाली, "काका, पलीकडच्या रांगेला आयकू गेलं न्हाय."

काकांनी घसा खाकरला. पुन्हा सुरुवात केली, पण आवाज तेवढाच बारीक. मी पुढं झाले, आता मीच ओरडते म्हणून. तेवढ्यात मल्लव्वा उठली. गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि खडीच्या ढिगावर चढली. उखळाच्या आवाजावरून हाक मारायची सवय असलेली बाई ती, माळावर नुसता आवाज घुमला.

"आयका गं पलीकडच्यांनो! माज्या सुनंचं काय बी चुकलं न्हाय! गोळ्याची साल मेलेली हुती! आन् ती दातानं चाखून लई झ्याक म्हननारी मीच, मल्लव्वा!"

मग पलीकडच्या रांगेतून एक बाई हात वर करून ओरडली, "आता आलं आयकू!"

आणि पाण्यासाठी कळशा वाजायला लागल्या.